सही कोणाची?

वसईच्या वालीव, सातिवली, गोखिवरे पट्ट्यातील गाळ्यांत वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या यंत्रावर राबलेला कुशल कामगार जेव्हा स्वतःचे यंत्र घ्यायला निघतो, तेव्हा त्याच्यापुढे सर्वांत आधी उभा राहतो तो मोबाईलच्या पडद्यावरचा दलाल. घरबसल्या कंपनी, आठवड्याभरात कंपनी, अमुक रुपयांत कंपनी! या जाहिरातींतील लबाडी बहुधा बोललेल्या शब्दांत नसते, न बोललेल्यात असते.

2020 पासून केंद्र सरकार ‘स्पाइस प्लस’ या एकाच अर्जावर कंपनी नोंदवते. पॅन आणि टॅन त्यातच मिळतात. भविष्यनिर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर यांची नोंदणीही त्याच ओघात होते. अधिकृत भांडवल 15 लाखांपर्यंत असेल तर केंद्राचे नोंदणी शुल्क शून्य आहे. मुद्रांक शुल्क, डिजिटल सही आणि व्यावसायिकाची फी एवढाच मुख्य खर्च उरतो. तेव्हा देयकावर ‘सरकारी शुल्क’ अशी एकच ठोक रक्कम दिसली, तर तिची फोड मागणे हा ग्राहकाचा हक्कच होय.

परंतु पैशाहून मोठा प्रश्न सहीचा आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 7 प्रमाणे वकील, सनदी लेखापाल, परिव्यय लेखापाल किंवा कंपनी सचिव यांपैकी एकाने सर्व अटी पाळल्याची घोषणा करावी लागते. जबाबदारी त्या माणसाची. संकेतस्थळ हे केवळ मधले दुकान. ज्या सेवेला पैसे घेण्यापूर्वी त्याचे नाव व सदस्यत्व क्रमांक सांगता येत नाही, तिच्या वाऱ्यालाही उभे राहू नये.

आणि बारशानंतरचे काय? 30 दिवसांत लेखापरीक्षक, 180 दिवसांत व्यवसाय सुरू केल्याची घोषणा, पुढे दरवर्षी हिशेब आणि विवरणपत्र. एक रुपयाची विक्री नसली तरी लेखापरीक्षण चुकत नाही. वार्षिक कागदांना उशीर झाला की प्रत्येक अर्जामागे रोज 100 रुपये. दोन अर्ज वर्षभर राहिले तर 73,000 रुपये, म्हणजे एखाद्या छोट्या गाळ्याची सारी बचत! सलग तीन वर्षे कागद न भरणारा संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. 2017 मध्ये दोन लाखांहून अधिक कंपन्या नोंदवहीतून खोडल्या गेल्या. त्यांत काळा पैसा फिरविणारे होते हे खरे. पण न भरलेल्या कागदाला भामटा आणि अडाणी यांतला फरक कळत नाही.

‘मर्यादित जबाबदारी’चे गाजर तरी कितपत खरे? कर्ज देताना बँक बहुधा संचालकाची वैयक्तिक हमी घेतेच. मग एकट्या लेथवाल्याला कंपनीचा सोस हवाच कशाला? एकल मालकी आणि 2020 पासूनची विनाशुल्क ‘उद्यम’ नोंदणी त्याला पुष्कळदा पुरते. वेगवेगळ्या कुटुंबांतले दहा जण एकत्र आले तर 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचा रस्ता खुला आहे. हा सल्ला दुकानदार देणार नाही, कारण त्यात त्याला विकण्यासारखे काही नाही.

वसईकरांनी 1918 साली बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक उभारली, तेव्हा पडदाही नव्हता आणि पॅकेजही नव्हते. आज येथील सहकारी बँकांनी आणि 2009 पासूनच्या महानगरपालिकेने आठवड्यातून एक दिवस सनदी लेखापाल बसवावा, त्याच्या टेबलामागे शुल्काचा फलक मराठीत लावावा. ही मागणी घेऊन कार्यकर्त्यांनी प्रथम वालीवच्या गाळ्यांत फिरावे, मग महापालिकेच्या दारात जावे.