आवाज बंदुकीचा, आकडा दारूचा

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एक साधा नियम आहे. ज्या बिघाडाची ओरड जास्त तो नव्हे, तर ज्याने नुकसान जास्त होते तो आधी दुरुस्त करायचा. अमेरिकेतील मृत्यूंचे आकडे वाचताना मला हाच नियम आठवला.

२०२१ साली तिथे बंदुकीने सुमारे ४८,८०० माणसे मेली. त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. अतिमद्यपानाचे बळी, सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या अंदाजानुसार, २०२०-२१ मध्ये वर्षाला सुमारे १,७८,००० होते. नशेत झालेल्या काही हत्या-आत्महत्या दोन्हीकडे मोजल्या जातात, हे मान्य. तरीही फरक तिपटीहून मोठा आहे.

बंदुकीवर निदान वाद होतो. जून २०२२ मध्ये संसदेने नवा कायदाही केला. तो अपुरा असेल, पण दिशा तरी दिसते. दारूच्या बाबतीत उलटेच घडले: २०१७ साली तिच्यावरील केंद्रीय कर कमी केला आणि २०२० च्या अखेरीस ती सवलत कायम केली. गोळीबार एका क्षणात होतो, म्हणून बातमी होते. यकृत मात्र वर्षानुवर्षे मुकाट्याने सडते.

मी मुसलमान आहे, दारू हराम मानतो. पण इथे माझा युक्तिवाद हिशेबाचा आहे. अमेरिकेची सरसकट दारूबंदी १९२० ते १९३३ एवढीच टिकली, हे मला माहीत आहे. मात्र १९८४ च्या कायद्याने पिण्याचे किमान वय २१ करायला राज्यांना भाग पाडले, तेव्हा तरुणांचे रस्त्यावरील मृत्यू घटले. म्हणजे बंदी आणि मोकळीक यांच्या मधेही रस्ता आहे: कर, वय, दुकानांची संख्या, जाहिरातींवर लगाम.

आपल्याकडे बंदुकीसाठी १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवाना मागणाऱ्याला कारण सांगावे लागते. दारूसाठी मात्र शासनच तिजोरीकडे पाहते. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले, ते महसूल वाढावा म्हणून.

माझी मागणी एकच: दारूच्या महसुलाचा आकडा जाहीर करताना त्याच पानावर दारूच्या बळींचा आकडाही छापा. मग वजाबाकी जनता करेल.