नाव मिळेपर्यंत

‘नवी वनस्पती सापडली’ अशी वार्ता आली, की आमच्या उळवीच्या शाळेत कोणीतरी विद्यार्थी हटकून विचारतो, ‘नवी म्हणजे ती काल उगवली काय?’ प्रश्न रास्त आहे. झाड रानात पूर्वीपासून असतेच. नवे असते ते शास्त्रातील नाव. त्यासाठी फुलाफळांसह नमुना दाबून वाळवावा लागतो, जुन्या संग्रहांतील नमुन्यांशी ताडून पाहावा लागतो, वर्णन प्रसिद्ध करावे लागते आणि मूळ नमुना वनस्पतिसंग्रहात कायमचा जपावा लागतो. २०११ अखेरपर्यंत लॅटिन वर्णनावाचून नव्या जातीला मान्यता नव्हती. २०१२ पासून इंग्रजीही चालते.

या कामी किती काळ लोटतो, याचे उदाहरण आमच्याच मुलखातले आहे. १९१९ साली सेजविक व बेल या इंग्रज अधिकाऱ्यांनी गिरसप्प्याच्या धबधब्याजवळ एक नाजूक गवत गोळा केले. (गवतालाही फूल असते, आपण ते पाहात नाही, इतकेच.) त्याला नाव मिळाले ते सुमारे तीस वर्षांनी. नॉर्मन बोर यांनी क्यू येथील तृणतज्ज्ञ हबर्ड यांच्या नावावरून ‘हबर्डिया’ ही स्वतंत्र प्रजातीच स्थापिली आणि सात शिरांवरून जातीला ‘हेप्टान्यूरॉन’ म्हटले. पुढे शरावतीवर धरण झाले, धबधब्याचे तुषार उणावले. नंतर शोधणाऱ्यांस हे गवत तेथे आढळले नाही, आणि ते नामशेष झाले असे मानले गेले. अखेर २००२ साली ते कोल्हापूर जिल्ह्यात, तिलारीच्या परिसरात पुन्हा दिसले. शिवाजी विद्यापीठाचे डॉ. श्रीरंग यादव व त्यांचे सहकारी यांनी ते उद्यानात वाढवून पुन्हा घाटात लावले. नाव नसते, तर हरवले काय आणि सापडले काय, हे कोणाला कळले असते?

गवत लहान म्हणून नजरेतून सुटले म्हणावे, तर सिद्दापूर तालुक्यातील कत्तलेकानचा वृक्ष पाहा. या नावाचा कत्तलीशी संबंध नाही. कन्नडमध्ये त्याचा अर्थ काळोखाचे रान. तेथील दलदलीत उभा असलेला, आपल्या बिब्ब्याच्या गोत्रातला हा उंच वृक्ष २००० साली प्रथम शास्त्राच्या दप्तरी लागला, तो ‘सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस’ या नावाने. गावाचे नाव असे जगभर गेले, याचे आम्हांस विशेष कौतुक वाटते.

धरण वा रस्ता होण्यापूर्वी तेथील वनस्पतींची यादी करतात. निनावी झाड त्या यादीत कसे यावे? आमच्या जोयड्याच्या कुणबी बांधवांस कंदमुळांची अचूक पारख असते, पण ती कागदावर फारशी उतरलेली नाही. म्हणून वाचकांस अनोळखी रानफूल दिसल्यास त्यांनी फुलाचे, पानाच्या दोन्ही बाजूंचे व सबंध झाडाचे छायाचित्र घ्यावे, स्थळ व तिथी टिपावी आणि जवळच्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे पाठवावे. फुलाविना ओळख पटणे कठीण. खुडू मात्र नये. आमच्याकडचे पुष्कळ रान काळी व्याघ्र प्रकल्पात मोडते, आणि तेथे नमुना घेण्यास अभ्यासकांनाही वनखात्याची परवानगी लागते.