पहारेकरीच घर पोखरू लागतात तेव्हा

बाळाच्या कपाळाचा पापा घेताना ओठांना खारट चव लागली, तर ते मूल फार दिवसांचे सोबती नाही, अशी समजूत युरोपात जुन्या काळी होती. ती खारट चव सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराची. या मुलांच्या घामात मीठ फार असते, हे १९५३ साली अमेरिकेत सिद्ध झाले आणि १९८९ मध्ये सदोष जनुकही सापडले. आई आणि वडील दोघेही धडधाकट. पण दोघांकडून तेच जनुक आले की मूल आजारी.

खरा घात होतो तो फुफ्फुसात. तिथला स्राव घट्ट होतो, जंतू ठाण मांडतात आणि शरीर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची फौज धाडते. जंतू हटत नाहीत, फौज येतच राहते. या पेशी इलॅस्टेज नावाचे विकर सोडतात. ते फुफ्फुसाला लवचीक ठेवणारे धागेच कुरतडते. श्वासनलिका रुंदावून कायमच्या सैल पडतात. १९८०च्या सुमारास डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली होती. ज्या मुलांच्या रक्तात आयजीजी ही प्रतिपिंडे कमी, त्यांची फुफ्फुसे तुलनेने बरी; ज्यांच्यात जास्त, त्यांची अधिक खराब. म्हणजे प्रतिकारशक्ती ‘भरपूर’ असणे हे नेहमी चांगलेच, असे नाही. (आपल्याकडे तर ती वाढवण्याच्या बाटल्या किराणा दुकानातसुद्धा मिळतात!)

ऑस्ट्रेलियातील पर्थ आणि मेलबर्नच्या डॉक्टरांनी अशा १२७ बाळांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. तीन महिन्यांच्या बाळाच्या फुफ्फुसात दुर्बीण घालून तेथील द्रव तपासला. ज्यांच्यात सक्रिय इलॅस्टेज सापडले, त्यांच्या श्वासनलिका तीन वर्षांच्या वयात बिघडलेल्या असण्याची शक्यता सुमारे चौपट होती. अर्थात हा हिशेब समूहाचा. एकट्या बाळाचे भविष्य त्यात लिहिलेले नसते.

मी बँकेत होतो तेव्हा कर्ज थकण्याच्या कितीतरी आधी खात्याची चाल बदललेली दिसायची. कर्जदाराला बोलावून आम्ही हप्ते तरी बदलून देत होतो. इथे इशारा मिळाल्यावर आईने जायचे कुठे? मूळ दोषावर काम करणाऱ्या ‘ट्रायकाफ्टा’ या तीन औषधांच्या गोळीला अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हाची किंमत वर्षाला तीन लाख डॉलरांहून अधिक होती! २०२३ मध्ये भारतासह चार देशांतील कुटुंबांनी स्वस्त पर्यायासाठी दाद मागितली. शिवाय ज्या जनुकदोषावर ती प्रामुख्याने बेतलेली आहे, तो भारतीय मुलांत युरोपाइतका सरसकट आढळत नाही.

आपल्याकडचे दुखणे तर त्याही आधीचे. हा गोऱ्यांचा आजार, असे मानले गेल्याने आपली मुले न्यूमोनिया, क्षय, कुपोषण अशा नावांखाली उपचार घेत राहतात. दिल्लीच्या एम्समधील बालरोगतज्ज्ञांनी भारतीय मुलांतील हा आजार वर्षानुवर्षे नोंदवला आहे. इलॅस्टेज मोजण्याची गोष्ट दूरची. माझ्या मते आधी घामाची तपासणी जिल्ह्याच्या गावी पोचायला हवी. मुलाच्या हातावर औषध लावून सौम्य वीजप्रवाह सोडायचा, अर्धा तास घाम गोळा करायचा आणि त्यातले क्लोराइड मोजायचे. तिला ना दुर्बीण लागते, ना भूल.