दवाखान्यातला अर्धा तास

लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात एक दृश्य हमखास दिसते. आया बाकांवर बसलेल्या असतात, तान्ही बाळे मांडीवर निजलेली असतात आणि दोन-पाच वर्षांची मुले मात्र वाऱ्यासारखी धावत असतात. कोणी वजनकाट्यावर चढते, तर कोणी पडद्यामागे लपते. थोड्याच वेळात एक वाक्य कानी पडते, “गप्प बस, नाहीतर डॉक्टर मोठी सुई टोचतील!” मूल क्षणभर गप्प बसते. धाक उपयोगी पडला, असे मोठ्यांना वाटते. परंतु या धाकाची किंमत फार मोठी असते.

डॉक्टर म्हणजे शिक्षा करणारा माणूस, ही समजूत मुलाच्या मनात एकदा रुजली की ती सहजासहजी निघत नाही. असे मूल पुढे आपले दुखणे लपवू लागते. “मुळीच दुखणार नाही,” हे खोटे आश्वासनही तितकेच घातक आहे. सुई टोचताच मुलाला कळते, की आपल्या माणसानेच आपल्याला फसवले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लसीकरणाच्या वेळच्या वेदनेविषयी मार्गदर्शन केले. त्यात लस देणाऱ्यांनी शांत राहावे आणि खोटा दिलासा देणारी भाषा टाळावी, असे सांगितले आहे. पालकांनाही तेच लागू पडते.

अर्थात, संयम ठेवा, असा उपदेश करणे सोपे आहे. आई रोजगार बुडवून आलेली असते. रांग लांब असते, घरची कामे खोळंबलेली असतात आणि परतीच्या गाडीची वेळ जवळ येत असते. त्यातच चारचौघांच्या नजरा तिच्यावर खिळतात. ‘हिला एक मूल सांभाळता येत नाही,’ असे त्या नजरा म्हणत आहेत, असे तिला वाटते आणि तिचा हात उठतो. बऱ्याचदा तो फटका मुलाच्या खोडीसाठी नसतो, तो लोकलाजेपोटी मारलेला असतो. म्हणून संयमाची जबाबदारी एकट्या आईवर टाकणे न्यायाचे नाही. मुलाला दवाखान्यात नेणे हे वडिलांचेही काम आहे. रांगेतल्या शेजाऱ्यानेही नाक मुरडण्याऐवजी “तुम्ही त्याला बाहेर फिरवून आणा, तुमचा नंबर मी सांभाळतो,” असे म्हणावे. या साध्या शब्दांनी आईचा निम्मा ताण हलका होतो.

संयम हा केवळ स्वभावाचा गुण नाही, तो पूर्वतयारीतूनही येतो. लहान मुलाला रांग कळत नाही आणि वेळही कळत नाही. त्याला फक्त रिकामे बसणे असह्य होते. लस दिल्यानंतरही बाळावर लक्ष ठेवता यावे म्हणून सुमारे अर्धा तास केंद्रातच थांबायचे असते. हा वेळ जाणारच आहे, हे मनाशी ठरवून निघावे. पिशवीत पाणी, थोडा खाऊ आणि आवडते खेळणे असावे. भिंतीवरच्या चित्रांतील फळे मोजावीत, गोष्ट सांगावी. “थोडे दुखेल, पण मी तुला धरून बसेन,” असे आधीच खरे सांगावे. सुई टोचताना मुलाला मांडीवर घ्यावे. ते रडले तर रडू द्यावे, रडण्याबद्दल रागावू नये.

भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला. त्यानुसार सोळा ते चोवीस महिन्यांच्या आणि पुन्हा पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान मुलाला लस द्यावी लागते. मूल एका जागी ठरत नाही ते नेमके याच वयात! आधीच्या खेपेचा मनस्ताप आठवून पालकांनी पुढची लस टाळली, तर नुकसान मुलाचे होते. देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ साली आढळला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त घोषित झाला. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या परिश्रमांइतकाच या यशात असंख्य पालकांच्या चिकाटीचाही वाटा आहे. त्यांनी रडणाऱ्या, पळणाऱ्या मुलांना पुन्हापुन्हा लसीसाठी आणले.

दंडावरची सूज दोन दिवसांत उतरते. त्या दिवशी आपल्याला कोणी धमकावले की जवळ घेतले, हे मात्र मूल विसरत नाही. पुढच्या खेपेस ते दवाखान्याच्या पायरीवर अडून बसेल, की आईचे बोट धरून आत येईल, हे त्यावरच ठरते.