पायरी सातवी : बोर्ड बदला

मोबाइल दुरुस्तीसाठी 'स्मार्ट' साधन बनवायला बसलेल्या इंजिनिअर मंडळींचं एक गृहीतक आधीच पक्कं असतं : दुकानातल्या पोराला काही कळत नाही. मग त्याला टॅबवर बाण दाखवा, हिरवं बटण द्या आणि बोट धरून चालवा.

अक्कलकोटला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. असला एक टॅब काउंटरवर मांडून एक साहेब बराच वेळ बोलत होते. समोर एक मेलेला फोन ठेवला. टॅबनं बॅटरी तपासायला लावली, चार्जिंगची पट्टी बदलून बघायला लावली आणि सातव्या पायरीवर निकाल दिला : बोर्ड बदला. नव्या बोर्डाच्या पैशात तोच फोन जुन्या बाजारात मिळतो, हे गिऱ्हाइकालाही कळतं. तो "राहू द्या" म्हणतो आणि नवा फोन घ्यायला जातो. साधन कुणाच्या सोयीचं आहे, ते इथंच समजावं.

साहेब गेल्यावर मी तोच बोर्ड घेतला. बॅटरी कनेक्टरवर मीटर लावला तर बीप. बॅटरीची मुख्य लाइन शॉर्ट. डीसी सप्लायवरून बेतानं व्होल्टेज सोडलं आणि बोर्डावर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) शिंपडलं. एका जागी ते झरझर उडालं. तिथं एक कपॅसिटर होता, तिळापेक्षा लहान, तापलेला. हॉट एअरनं उचलला, शॉर्ट गेला, फोन सुरू झाला. त्या लाइनवर तसले आणखी कपॅसिटर असतात, एकावाचून अडत नाही. हे कुठल्याच पायरीत नव्हतं, कारण यात बोर्ड विकला जात नाही.

मला मदत नको, असं नाही. ती पदोपदी लागते. ही लाइन पुढं कुठल्या आयसीला जाते? या पिनवर डायोड मोडला किती रीडिंग यायला हवं? त्यासाठी सर्किट डायग्राम लागतो, आणि तोच कंपन्या कुलपात ठेवतात. पूर्वी कित्येक रेडिओंच्या खोक्यात आतून डायग्राम चिकटवलेला असायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला टीव्हीच्या डायग्रामची पुस्तकं मिळायची. आज आम्ही चिनी सॉफ्टवेअरची वर्गणी भरून तोच नकाशा मागच्या दारानं बघतो. नकाशा दडवायचा आणि वाटाड्या विकायचा, असा हा धंदा!

दिल्लीनं डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. मे 2025 मध्ये दुरुस्ती-निर्देशांकाचा, म्हणजे वस्तू दुरुस्तीला किती सोपी याला गुण द्यायचा, अहवालही आला. माहिती, सुटे भाग, हत्यारं असे सगळे निकष त्यात आहेत. पण गुण जाहीर करणार कोण, तर कंपनी स्वतःच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! तिकडं अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं 2024 साली कायदाच केला, की अस्सल सुटा भाग बसवल्यावर सॉफ्टवेअरनं आडवं यायचं नाही. आपल्याकडं अस्सल डिस्प्ले बसवूनही काही वेळा फोन गिऱ्हाइकासमोर 'अनोळखी भाग' म्हणून बोंबलतो, आणि चोर ठरतो मी.

साधन बनवायचंच असेल तर माझ्या मीटरला जोडा. माझं रीडिंग आणि चांगल्या बोर्डाचं रीडिंग शेजारी दाखवा, पुढचं मी बघतो. नेट गेलं तरी ते चाललं पाहिजे. मराठीबरोबर कन्नडही हवी. या तालुक्यात एकाच गिऱ्हाइकाशी दोन्ही भाषांत बोलावं लागतं. आणि साधनाला 'तुझं चुकलं' असं लिहायला जागा हवी, म्हणजे इथं सापडलेला फॉल्ट उद्या दुधनी-मैंदर्गीच्या दुकानात कामी येईल.

ही शेवटची गोष्ट मी साहेबांना बोललो होतो, ती त्यांना फार आवडली. म्हणाले, सगळी रीडिंग्ज आपोआप आमच्या सर्व्हरवर जातात, त्यावरच यंत्र शिकतं. आणि त्याच दमात टॅबचं महिन्याचं भाडंही सांगितलं. शिकवणार मी आणि भाडंही मीच भरायचं? आधी माझ्या शिकवणीची फी ठरवा, भाड्याचं नंतर बोलू.