शब्दविचार : ‘देतांत’

गुहागरच्या एका वाचकांनीं ‘देतांत’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ विचारिला आहे. निक्सन व ब्रेझनेव्ह यांनीं १९७२ सालीं अस्त्रमर्यादेच्या करारावर सह्या केल्या, त्या पर्वास हें नांव आहे. पुष्कळजण त्याचा अर्थ ‘मैत्री’ असा करितात. आम्हांस तो मान्य नाहीं. ताणलेलें सैल होणें, एवढाच मूळ अर्थ. धनुष्याची दोरी उतरविली तरी बाण भात्यांत असतातच! बंदुकीच्या चापासही फ्रेंच भाषेंत हाच शब्द आहे, हें ध्यानांत असावें.

उदाहरणासाठीं प्रश्नकर्त्यांस दूर जावयास नको. परशुरामाचें देवस्थान १७२७ त लुटणारा सिद्दी सात १७३६ सालीं चिमाजीअप्पांच्या हातून पडला, आणि त्याच वर्षीं मराठ्यांचा जंजिऱ्याच्या सिद्दीशीं तह झाला. तथापि गुहागरशेजारचा अंजनवेलचा किल्ला सिद्दीकडेच राहिला. दाभोळच्या खाडीचें तोंड त्याच्याच नजरेखालीं. पुढें १७४५ त तुळाजी आंग्र्यांनीं तो जिंकून घेतला. मधल्या नऊ वर्षांस ‘सलोखा’ म्हणावयास आमची लेखणी धजत नाहीं. ‘तणावशैथिल्य’ हा प्रतिशब्द कानांस रुक्ष लागतो खरा, परंतु आम्ही तोच योजूं.