‘पाणीच तर आहे’ म्हणणाऱ्यांना

लहान मुलांच्या वॉर्डात बाळाच्या नाकातून जठरापर्यंत नळी घातली की पुढचं वाक्य अनेकदा ठरलेलं असतं: “थोडं पाणी सोडून बघ, जातंय का.” पाणी सरकलं की नळी जागेवर आहे असं धरून दूध सुरू होतं. या रिवाजाचा पूर्वपक्ष आधी नीट मांडते. पाण्यानं कुणाचं नुकसान होत नाही. बाळ खोकलं नाही, निळं पडलं नाही, म्हणजे नळी श्वासमार्गात गेलेली नाही. फार तर हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप ठेवावा, आवाज आला की झालं. पीएचच्या पट्ट्या आणि एक्स-रे मोठ्या रुग्णालयांना परवडतात. इथे एका सिस्टरच्या अंगावर अख्खा वॉर्ड असतो.

यातलं शेवटचं वाक्य खरं आहे. बाकीची वाक्यं बाळाच्या जिवावर बेतू शकतात.

पाणी सरकलं यावरून एवढंच कळतं की नळी तुंबलेली नाही. तिचं टोक जठरात असो वा फुप्फुसात, पाणी तितक्याच सहज उतरतं. कमी दिवसांच्या, झटके येणाऱ्या किंवा गुंगीतल्या बाळाला खोकण्याचं त्राणच नसतं. त्याच्या गप्प राहण्याला पुरावा कसा मानायचा? आवाजाचंही तेच. इवल्याशा छातीपोटात फुप्फुसातली बुडबुड पोटावरही ऐकू येते. म्हणूनच ब्रिटनच्या नॅशनल पेशंट सेफ्टी एजन्सीनं 2005 मध्येच या चाचणीवर विसंबू नका असं बजावलं.

त्याच संस्थेचा मार्च 2012 चा इशारा मला प्रत्येक नर्सिंग कॉलेजच्या भिंतीवर हवा आहे. दोन रुग्णांच्या नळीची जागा पक्की होण्याआधीच तिच्यातून पाणी सोडलं गेलं. मग तेच पाणी मागे ओढून त्याचा पीएच तपासला. नळीच्या आत वंगणाचा थर होता. तो पाण्यात मिसळला आणि पीएच 5.5 च्या खाली आला. कर्मचाऱ्यांनी त्याला जठरातलं आम्ल मानलं. दोन्ही रुग्ण दगावले. म्हणजे चाचणी त्यांनी केली होती, पण आधी सोडलेल्या पाण्यानं चाचणीच खोटी पाडली.

तेव्हा क्रम उलटा हवा. आधी कोरड्या नळीतून द्राव ओढायचा आणि पीएच पट्टीवर टाकायचा. साधा लिटमस इथे चालत नाही. आकडा 5.5 किंवा कमी असेल तरच पुढे जायचं. द्राव आला नाही तर बाळाला डाव्या कुशीवर वळवून पुन्हा ओढावं. नुकतंच दूध दिलं असेल किंवा आम्ल कमी करणारं औषध चालू असेल तर आकडा वर जातो. अशा वेळी थांबावं, पुन्हा पाहावं, तरी शंका उरली तर एक्स-रे काढावा. किरणांची भीती घालणाऱ्यांनी फुप्फुसात गेलेल्या दुधाची भीती आधी घालावी.

नळी जागेवर आहे हे ठरल्यावरही ‘पाणीच तर आहे’ हे खरं नाही. पूर्ण दुधावर आलेल्या 1 किलोच्या बाळाला दिवसाला साधारण 150 मिली दूध लागतं. दर 3 तासांनी दूध देताना प्रत्येक वेळी 5 मिली पाणी सोडलं तर दिवसाचं 40 मिली होतं, ज्यात ना सोडियम, ना उष्मांक. मोठ्यांच्या वॉर्डातला 30 मिलीचा नियम इथे आणूच नये. नळी स्वच्छ होण्यापुरतं कमीत कमी पाणी, नवजात बाळाला बहुधा 1 ते 2 मिली, आणि तेही डॉक्टरांनी ठरवून लिहिलेलं.

जोर लावून नळी मोकळी करणाऱ्यांना एक हिशेब सांगते. सिरिंजचा व्यास अर्धा झाला की अंगठ्याच्या तेवढ्याच जोरानं दाब चौपट होतो. अडलेल्या बारीक नळीवर छोटी सिरिंज दाबणं म्हणजे नळी फाडायला निघणं. मोठी सिरिंज घ्यावी, कोमट पाणी हलकेच पुढेमागे करावं. तेवढ्यानं मोकळी झाली नाही तर नाकातली नळी बदलावी. तार घालणं तर कधीच नको, तिनं जठराला भोक पडू शकतं. काहीजण कोला सुचवतात. दुधात लिंबू पिळल्यावर काय होतं हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. नळीत अडकलेलं दूध आंबट पेयानं तसंच नासून घट्ट होतं. औषधंही म्हणूनच दुधात कालवायची नसतात. प्रत्येक औषध वेगळं द्यावं आणि मध्ये थोडं पाणी सोडावं.

आता त्या खऱ्या वाक्याकडे येते. सिस्टरला वेळ नाही, हे मी मान्य करते. पण पट्ट्यांचा डबा कपाटात असणं आणि ड्युटीवर पुरेशी माणसं असणं ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. ती न पाळल्याचं ओझं बाळाच्या छातीवर टाकता येत नाही.

आणि घरी नळीनं पाजणारी आई? डिस्चार्जच्या दिवशी तिच्या हातात नुसता कागद देऊ नये. नाकपुडीपाशी नळीवर केलेली खूण ती रोज बघते का, उलटी किंवा खोकल्याची उबळ येऊन गेल्यावर दूध थांबवून पट्टी पुन्हा लावते का, हे तिच्याकडून आपल्यासमोर करून घ्यावं. तिच्या वहीत दोन रकाने असावेत: दूध 18, पाणी 1.